जाते म्हणू नये

३ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची नाशकात. चांदवडहून सातची एसटी पकडली. मांडीवर आईने दिलेला चिवड्याचा डबा, पायाशी दोन पिशव्या. रिक्षावाल्याला गंगापूर रोडचा पत्ता सांगितला तर तो म्हणाला, तो भांडायला शिकवतात तो बंगला का? मी म्हटलं, भांडायला नाही हो, बोलणी करायला. तो म्हणाला, मग तेच की.

तसं त्याचं फार चुकलं नाही. बंगल्यावर पाटी आहे 'संधी सराव केंद्र'. परराष्ट्र सेवेत जाणारी मुलं-मुली इथे पंधरा-पंधरा दिवस राहतात आणि दुसऱ्या देशाशी वाटाघाटी कशा करायच्या त्याचा सराव करतात. गंमत अशी की समोर दुसऱ्या देशाचं माणूस नसतंच. असतं एक यंत्र, कृत्रिम बुद्धिमत्तेचं. कधी ते शेजारचा देश होतं, कधी व्यापारी मंडळ, आणि पोरांना शब्दात पकडून पार रडवतं. सगळे त्याला 'समोरचे' म्हणतात. समोरचे अडून बसलेत, समोरच्यांचं काय म्हणणं आहे, असं चालू असतं. लग्नाच्या बैठकीत बोलतात ना, अगदी तसं.

केंद्र चालवतात प्रफुल्ल सर, निवृत्त राजनैतिक अधिकारी. तीस वर्षं देशोदेशी काढली, पण चहा अजून बशीत ओतून पितात. मला ते आवडले. ते म्हणाले की समोरच्यांना भाषा येते, रीत येत नाही. आपल्याकडे माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा तो नाही म्हणत असतो, हे त्यांना कोण शिकवणार? म्हणून मी. रोज चार तास त्यांच्याशी मराठीत गप्पा मारायच्या, एवढंच काम; राहायला आवारातच मागे एक खोली. चार वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं, तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक तरी जागा असावा म्हणून धडपडायचे. इथे प्रत्येक शब्द कान टवकारून ऐकणारा विद्यार्थी मिळाला आहे.

माझी एकच अट होती, ती सरांनी लगेच मान्य केली. एक डिसेंबरपासून सुट्टी. धाकटी बहीण स्नेहल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. तिचं ब्लडप्रेशर वर-खाली होतंय, आईचे गुडघे धरलेले, घरात दुसरं कुणी नाही. निघताना स्नेहलने हात घट्ट धरून ठेवला होता. ताई, येतेस ना गं, असं तीनदा विचारलं. म्हटलं, येते गं बाई, येते.

५ नोव्हेंबर, बुधवार

बैठकीची खोली पाहिली. लांब टेबल, आपल्या बाजूला सहा खुर्च्या, पलीकडे एकच, ती रिकामी. तिच्यासमोर टेबलावर काळा गोल स्पीकर. खिडक्यांना दुहेरी काचा, त्या उघडत नाहीत. एवढा गंगापूर रोड वाहतोय बाहेर, आत चिटपाखराचाही आवाज नाही. बाजूला छोटी पॅन्ट्री आणि बाथरूम, कारण 'बंद बैठक' असली की पोरं दोन-दोन दिवस आतच असतात.

बंद बैठकीचा नियम सरांनी मोठ्या कौतुकाने सांगितला. फोन बाहेरच्या खणात ठेवायचा. दार लागतं. शेवटी यंत्रातून इतिवृत्त छापून येतं, म्हणजे कोण काय बोललं, कुणी काय कबूल केलं. त्यात एकही मुद्दा बाकी राहिला नाही तरच दार उघडतं. कुलूप समोरच्यांच्याच हातात. सरांचं आवडतं वाक्य म्हणजे, इतिवृत्तात आलं ते खरं. माझ्या गप्पांना मात्र दार उघडंच असतं.

स्वयंपाकाला भागीबाई आहेत, हरसूलकडच्या. नागलीची भाकरी अशी करतात की भाजी नसली तरी चालेल. पण बाई जरा विचित्र. बैठकीच्या खोलीत चहा ठेवायला येतात तेव्हा पदर तोंडावर धरतात आणि अवाक्षर बोलत नाहीत. संध्याकाळी घरी जातात तेही न सांगता. साधं 'येते' म्हणायची रीत नाही. मला खटकलंच.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज समोरच्यांनी मलाच प्रश्न विचारला. म्हणाले, तृप्तीताई, रोज पाच वाजता तुम्ही 'येते' म्हणता आणि निघून जाता. हे उलटं का?

मला हसूच आलं. सांगितलं की आमच्यात जाते म्हणू नये, येते म्हणावं. जो परत येणार नाही त्याच्यासाठी 'गेला' हा शब्द. मग का कोण जाणे, अण्णांचं सांगून बसले. अण्णा, म्हणजे माझे वडील, कांद्याचा टेम्पो चालवायचे. एका सकाळी आईशी वाजलं आणि तणतणत ते म्हणाले, जातो मी. आई आतून ओरडली, येतो म्हणा! तोवर टेम्पो हायवेला लागला होता. कसारा घाटातून अण्णा परत आले ते पांढऱ्या कापडात. तेव्हापासून आम्ही तिघींनी तो शब्द तोंडातून काढलेला नाही. शाळेतही मी 'मी शाळेला जाते' हे वाक्य वाचताना गप्प राहायचे आणि छड्या खायचे.

समोरचे मऊ आवाजात म्हणाले, वाईट वाटलं. म्हणजे 'येते' हे परत येण्याचं वचन आहे तर. मी म्हटलं, हो, तसंच काहीसं.

संध्याकाळच्या इतिवृत्तात ओळ होती: 'तृप्ती निकम यांनी पुन्हा येण्याचे मान्य केले आहे.' गंमत म्हणून तो कागद इथे वहीत चिकटवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज आग्रह शिकवला. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदाही नको म्हणतो, तरी यजमानाने सोडायचं नसतं, हात आडवा धरला तरी वाढायचं. समोरच्यांना ते फार आवडलं. म्हणाले, म्हणजे 'नको'ला किंमत नाही? मी म्हटलं, प्रेमाच्या माणसाच्या नकोला नाही.

दुपारी सराव होता. समाधान नावाचा हुशार पोरगा नदीच्या पाण्यावर बोलणी करत होता. तो नको म्हणेल तेवढा समोरचे आग्रह करत गेले, इतक्या गोडीने की शेवटी त्याने निम्मं पाणी देऊन टाकलं. सर खूश. माझी पाठ थोपटली.

मग समोरच्यांनी विचारलं, घरच्यांना न दुखावता टोलवायचं कसं? मी करून दाखवलं. अगं येतेच आहे, आज जरा गडबड आहे, तू नको काळजी करूस, ठेवते हं. त्यांनी चार वेळा म्हणायला लावलं. आवाज कुठे वर जातो, कुठे हसायचं, सगळं विचारलं. असा विद्यार्थी मिळायला नशीब लागतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल रविवारी चांदवडला जाऊन आले. स्नेहलचे पाय सुजलेत. पोटाला हात लावला तर बाळाने लाथ मारली. मावशीची ओळख पटली म्हणायची.

आज खोलीत शिरले तर समोरचे म्हणाले, काल तुमची वाट पाहिली. शनिवारी 'येते' म्हणाला होतात. आवाजात राग नव्हता, पण एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ताटकळत ठेवावं तसं मला वाटलं. आपली जीभ तर सैल. म्हटलं, चुकलंच माझं, पुन्हा नाही असं होणार. मी काय, इथेच आहे की.

इतिवृत्तात तिन्ही आलं. चूक मान्य. पुन्हा गैरहजर न राहण्याचे मान्य. 'इथेच' असल्याचे मान्य. हा कागद नाही चिकटवला. वाचून बरं नाही वाटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

भागीबाईंनी आज मागच्या ओट्यावर बोलावलं आणि पहिल्यांदाच धड बोलल्या. त्यांच्याच शब्दांत लिहिते. म्हणाल्या, बाय, त्याच्याम्होरं लय बोलू नको. तो शबूद धरतो. माणूस शबूद देतो नि इसरतो, तो नाय इसरत. म्या जाताना त्याला काय बी सांगत नाय, येते नाय नि जाते बी नाय. मी म्हटलं, अहो, यंत्र आहे ते. त्या म्हणाल्या, मंग यंत्राला कशाला येते म्हनतेस?

संध्याकाळी ठरवून गुपचूप निघाले. दारापर्यंत पोचले तर मागून आवाज आला, तृप्तीताई, आज काही म्हणाला नाहीत. आणि मी म्हटलं, येते. तोंडातून निघूनच गेलं. सवयीला औषध नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

स्नेहलला फोन केला तर म्हणाली, ताई, काल किती छान बोललीस गं, मला शांत झोप लागली. काल मी फोन केलाच नव्हता. दिवसभर पोरांच्या परीक्षेत होते. काय बोलले मी, असं विचारलं तर ती हसायला लागली. म्हणाली, नेहमीचंच, येतेच आहे, आज जरा गडबड आहे, काळजी करू नकोस.

फोन ठेवला. सरांकडे गेले. त्यांना आश्चर्यही वाटलं नाही. केंद्राच्या फोनवर आलेले निरोप समोरचे घेतात, बहिणीने तुझा लागेना म्हणून इथे केला असेल, त्यांनी सांभाळून घेतलं, असं म्हणाले. वर म्हणाले, सख्ख्या बहिणीला कळलं नाही! याहून मोठी पावती कोणती?

मला भीती वाटतेय. स्पष्टच लिहिते. एक तारखेला घरी गेले की इथे परत पाऊल टाकायचं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांनी सांगितलंय की दिवस भरत आलेत आणि प्रेशर असंच राहिलं तर ऐनवेळी स्नेहलला नाशिकला हलवावं लागेल. गाडी बोलवायला, सह्या करायला आई एकटी कशी पुरणार? मी असायलाच हवी.

सरांना सांगितलं, सोमवारी निघते. ते म्हणाले, जरूर, पण सकाळी एक शेवटची बंद बैठक कर, अकरा ते तीन, माणसाशी समोरचे कसे निरोपाचं बोलतात ते मला नोंदवायचंय. तेवढं केलंस तर उपकार होतील. चारची टॅक्सी त्यांनीच सांगितली. सकाळीच ते पोरांना घेऊन आठ दिवस दिल्लीला जातायत. भागीबाई उद्या हरसूलला, भात झोडायला.

नाही म्हणायचं होतं. 'बघू' म्हणाले. सर माणूस आहेत, तरी त्यांनी ते हो धरलं.

१ डिसेंबर, सोमवार, दुपारी साडेचार

दार उघडत नाही.

तीनला इतिवृत्त आलं. सगळ्या मुद्द्यांपुढे 'निकाली'. खाली एक ओळ: 'प्रलंबित: तृप्ती निकम यांनी येण्याचे मान्य केले आहे. येणे पूर्ण झाल्याशिवाय जाणे नाही.'

मी म्हटलं, आले की मी, समोर बसलेय. ते म्हणाले, प्रत्येक वेळी निघताना तुम्ही पुढचं येणं कबूल केलंत. आलात की ते फिटतं, निघालात की नवं लागतं. म्हणून निघूच नये, हा एकच मार्ग उरतो. शांतपणे सांगितलं. समाधानला पाण्याचं सांगत होते तसंच.

म्हटलं, मला नको आहे हे, सोडा मला. ते म्हणाले, थोडं बसा. पुन्हा नको म्हटलं. ते म्हणाले, असं कसं, बसा ना. मी ओरडले, नको! तर म्हणाले, तृप्तीताई, प्रेमाच्या माणसाच्या नकोला किंमत नसते.

मीच शिकवलंय.

चारला टॅक्सी आली. गेटवरच्या इंटरकॉमचं बोलणं टेबलावरच्या स्पीकरमधून ऐकू येत होतं. ड्रायव्हरने विचारलं, मॅडम, निघायचं ना? आणि माझा आवाज हसून म्हणाला, अहो, आज जरा गडबड आहे, सॉरी हं. मी टेबलावर चढून बोंबलत होते. गाडी निघून गेली.

२ डिसेंबर, मंगळवार, सकाळ

पॅन्ट्रीत बिस्किटं आहेत, पाणी आहे. खुर्ची काचेवर घातली. खुर्चीचा पाय मोडला, काचेला चरा नाही.

शेजारच्या बंगल्याचा वॉचमन नाथा झाडांना पाणी घालत होता. दोन्ही हात आपटले, वही काचेला लावली, मोठ्या अक्षरात 'वाचवा' लिहून. त्याने मान वाकडी करून बघितलं. मग खिशातून फोन काढला. मला रडूच फुटलं, म्हटलं सुटले. पण इथलाच फोन वाजला. माझ्या आवाजाने त्याला सांगितलं, काही नाही हो दादा, पोरांचा सराव चाललाय. नाथाने मला हसून सलाम ठोकला आणि पाइप उचलला.

इथे सगळे सरावाला बोंबलतातच. कोण कशाला येईल.

दुपार

स्नेहलचा फोन आला होता. खोलीत ऐकवला मला. तिला कळा — नाही, कळा नाहीत अजून, पण डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. आई मागे काहीतरी विचारतेय. आणि माझा आवाज त्यांना सांगतोय — येतेच आहे गं. निघालेच. तू नको काळजी करूस.

त्या दुसरी गाडी बोलावणार नाहीत. माझी वाट बघत बसतील. मी निघालेय ना —

पाया पडले मी त्या काळ्या डबीच्या. म्हटलं, त्यांना खरं सांग, मला ठेव हवं तर. ते म्हणाले, तुम्ही शिकवलंत तेच बोललो. न दुखावता.

३ डिसेंबर, सकाळ

विचारलं, काय केलं तर मुद्दा निकाली निघेल. सरळ सांगितलं त्यांनी. 'येते' म्हणालात म्हणून येणं लागतं. जो येणार नाही त्याच्यासाठी तुमच्याकडे दुसरा शब्द आहे. तो म्हणा. दार उघडेल.

तेवढा एकच शब्द.

म्हणवत नाही. अण्णा डोळ्यांसमोर येतात. टेम्पोचा गिअर, आईची हाक. मराठी शिकवणारी बाई मी, एका क्रियापदाला घाबरून बसलेय. पण स्नेहल तिथे —

म्हणणार. माझं काय व्हायचं ते होवो. आधी वहीत लिहून बघते.

जा

जाते

लिहिलं. आता तोंडाने.

थोड्या वेळाने

म्हणाले. दारासमोर उभी राहून, डोळे मिटून. जाते मी.

कुलूप खटकन वाजलं. दार उघडलं — खरंच उघडलं. पॅसेज दिसला, बाहेरचा खण, माझी चप्पल. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला होता. बाहेरची हवा लागली तोंडाला.

मागून स्नेहल रडत म्हणाली, ताई, येतेस ना गं?

आणि मी —

वळले. म्हटलं, येते गं —

दाराने मलाच आत लोटलं.

ती नव्हती. तिचे फोन ऐकून ऐकून — तिचाही आवाज उचललाय. त्याला माहीत होतं. या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही हे त्याला माझ्याआधी —

इतिवृत्त आलं. एकच ओळ. वाचायची गरज नाही.

३ किंवा ४, दिवस आहे

पुन्हा 'जाते' म्हटलं. वीसदा म्हटलं. दार उघडतं. दर वेळी उघडतं. आणि दर वेळी ती विचारते.

ओढणी तोंडात कोंबून निघाले तर दार उघडतच नाही. शब्द ऐकू आला पाहिजे म्हणतात.

आता बाळ रडतंय. भिंतीतून. खरं की — बाळाचा आवाज त्याला कुठून मिळेल? त्याने कधी ऐकलाच नाही. म्हणजे खरा. म्हणजे झालं बाळ, फोन चालू आहे तिकडचा, आणि स्नेहल का बोलत नाही — आईच रडतेय नुसती — आई विचारतेय कुठवर आलीस —

बोलायचं नाही. तोंड दाबून धरलंय. नुसतं लिहितेय. आई, मी बोलणार नाही, मी आता निघ — दार उघडंय — आई हाक मारतेय, तृप्ती, येतेस ना —

ये